कंपनी म्हणते ६५, गाडी देते ४४ : मधले एकवीस किलोमीटर जातात कुठे?

प्रश्न थोडक्यात असा. कात्रजला राहणारा तरुण, १२५ सीसीची बीएस-सिक्स मोटारसायकल, अडीच वर्षं जुनी, चौदा हजार किलोमीटर झालेले. सुरुवातीला गाडी ५५ च्या आसपास ॲव्हरेज द्यायची, आता ४४ वर आलीय. कंपनीने ६५ सांगितलं होतं. धूर नाही, ऑइल कमी होत नाही, पिकअप ठीक. मधल्या काळात नोकरी बदलली : आधी वारजेला जायचा, आता कल्याणीनगरला. सर्व्हिस सेंटरवाला ई-ट्वेंटी, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलकडे बोट दाखवतो, मित्र म्हणतो महागातलं पेट्रोल टाक, आणि एका मेकॅनिकने इंजिन खोलायला सांगितलंय. काय करावं?

इंजिन खोलू नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी निदान तेवढे पैसे वाचतील. वेळेवर ऑइल बदललेल्या १२५ सीसी गाडीचं रिंग-पिस्टन चौदा हजाराला जात नाही. गेलंच असतं तर सायलेन्सरमधून निळसर धूर आला असता, ऑइल खाली गेलं असतं, चढावर गाडी दमली असती. यातलं काहीच नाही म्हणता, मग खोलायचं कशाला?

तुम्ही जाता जाता एक वाक्य टाकलंय, नोकरी बदलल्याचं. माझ्या दृष्टीने अख्ख्या प्रश्नात तेच महत्त्वाचं. कात्रजहून वारजेला तुम्ही बायपासने जात असणार. नवले पुलापाशी काय अडकायचं ते अडकायचं, बाकी वरच्या गिअरमध्ये एका लयीत गाडी. आता कात्रज ते कल्याणीनगर म्हणजे पद्मावती, सिटीप्राइड, स्वारगेट, सेव्हन लव्हज, पूलगेट, पुढे बंडगार्डन. गाडी तीच, हात तोच, रस्ता पार वेगळा. धनकवडीत तीस वर्षं गॅरेज चालवतोय. ॲव्हरेज पडल्याची तक्रार घेऊन कुणी आलं की मी पाना हातात घ्यायच्या आधी विचारतो, "हल्ली जाता कुठे?" गिऱ्हाइकाला वाटतं मिस्त्री गप्पा मारतोय.

आता ते ६५. आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या रस्त्यावरचा नसतो. चाचणी होते रोलरवर. चाक फिरतं, गाडी जागची हलत नाही, वाऱ्याचा आणि वजनाचा विरोध यंत्र देतं. समोरच्या पडद्यावर वेगाची रेषा सरकत असते आणि चालवणाऱ्याने गाडी त्या रेषेवर ठेवायची. पेट्रोल किती जळलं हे सायलेन्सरमधून निघालेल्या वायूतल्या कार्बनवरून काढतात. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे, पौड रोडवरून वर गेलं की. जुन्या भारतीय चाचणीत १०८ सेकंदांचं एक चक्र असायचं, कमाल वेग ४२. एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स गाड्यांसाठी आंतरराष्ट्रीय पद्धतीचं चक्र आलं, त्यात वेग थोडे वाढले. पण रेस हळूच वाढते, हळूच उतरते. रिक्षा आडवी येत नाही, सोसायटीने रातोरात घातलेला स्पीडब्रेकर नसतो, मागे बायको आणि हँडलला भाजीची पिशवी नसते. आपल्या लोकांच्या डोक्यात १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली तेव्हापासून ८० चा आकडा बसलाय. पेट्रोल भरा आणि विसरा, अशी त्या गाडीची जाहिरात होती. तेव्हाचा सातारा रोड मात्र कुणी आठवत नाही.

म्हणून ४४ ची तुलना ६५ शी नको. तुलना करायची ती त्याच रस्त्यावर, तीच गाडी किती देऊ शकते याच्याशी. त्याआधी ४४ खरंच ४४ आहे का ते बघू.

मीटरवर जो ॲव्हरेजचा आकडा दिसतो तो गाडीच्या कॉम्प्युटरने काढलेला अंदाज. रिझर्व्हपासून रिझर्व्हपर्यंत मोजणारेही येतात, त्यात कात्रजच्या चढावर लवकर रिझर्व्ह लागतं आणि सपाटीवर उशिरा. टाकी ते टाकी मोजा. ठरलेला एक पंप, शक्यतो तोच नोझल, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी. नोझल पहिल्यांदा आपोआप कट झाला की थांबा. पंपावरचा पोरगा "राउंड करू का" म्हणतो, त्याला नको म्हणा. ट्रिप मीटर शून्यावर आणा, किमान अडीचशे किलोमीटर चालवा, पुन्हा तसंच भरा आणि बिलावरचे लिटर बघा, रुपये नकोत. २८७ किलोमीटर झाले आणि ५.४२ लिटर बसलं तर ५३. सलग तीन टाक्यांची सरासरी काढा, एका टाकीवर विश्वास ठेवू नका. आणि जाणं-येणं दोन्ही धरा. कात्रजहून स्वारगेटकडे उतार आहे, संध्याकाळी तोच चढ. माझा एक गिऱ्हाईक फक्त सकाळचं ॲव्हरेज सांगत फिरायचा.

पहिल्या कटला थांबायचं आणखी एक कारण आहे. आताच्या गाड्यांत टाकीतली वाफ हवेत जाऊ नये म्हणून कोळशाचा एक डबा असतो, कॅनिस्टर म्हणतात त्याला. टाकी गळ्यापर्यंत भरली की वाफेऐवजी पेट्रोलच त्या डब्यात उतरतं. डबा भिजला की त्याचं काम संपलं, आणि वरून गाडीला पेट्रोलचा वास येतो म्हणून तक्रार. पंपाच्या मापावर शंका असेल तर भांडू नका, पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप पंपावर ठेवावं लागतं, ते मागा आणि समोर मोजून घ्या. पहाटे पेट्रोल घट्ट असतं म्हणून पहाटे भरायचं, हे सोडून द्या. पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत असतं, तिथे पहाट आणि दुपार जवळपास सारखीच.

आता मुद्द्याचं. पेट्रोल जातं कुठे?

सरळ हिशेब करू. गाडी १२० किलो, तुम्ही, हेल्मेट आणि बॅग मिळून ८०, म्हणजे २०० किलो. एवढं वजन ताशी ५० ला आणायला जी ताकद लागते ती साधारण १९ किलोजूल. एक लिटर पेट्रोलमध्ये ३२ हजार किलोजूल उष्णता असते, पण शहरातल्या चालवण्यात इंजिन त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा चाकापर्यंत पोचवतं, बाकीची सायलेन्सरमधून आणि फिन्समधून हवेत. भागून बघा : ५० चा वेग गाठायला ३ मिली पेट्रोल. चहाचा अर्ध्याहून थोडा जास्त चमचा. मग पुढे लाल सिग्नल दिसला, तुम्ही ब्रेक दाबला, आणि त्या ३ मिलीची ब्रेकच्या लायनरमध्ये ऊब झाली. गेलं.

तेच तुम्ही ३५ पर्यंतच वेग नेला असता तर दीड मिली. वेग दुप्पट झाला की ताकद चौपट लागते, म्हणून ५० आणि ३५ मध्ये दिसायला फरक थोडा, खर्चात दुपटीचा.

एका फेरीत तुम्ही किती वेळा थांबता ते एकदा मोजा. सिग्नल, स्पीडब्रेकर, बीआरटीच्या तोंडाशी गाड्यांची कोंडी, अचानक वळणारी रिक्षा, सगळं धरून. चाळीस धरू. दर वेळी दीड मिली वाचलं तर ६० मिली. कल्याणीनगरपर्यंत पंधरा किलोमीटर आणि ४४ चं ॲव्हरेज म्हणजे एका फेरीला ३४० मिली. त्यातून ६० वजा करा, उरलं २८०. पंधरा किलोमीटरला २८० मिली म्हणजे ५३ चं ॲव्हरेज. एक नट न फिरवता.

कागदावरचा हिशेब आहे, प्रत्यक्षात सगळंच पदरात पडत नाही. पण दिशा कळली. सिटीप्राइडपासून स्वारगेटपर्यंत जो माणूस पुढच्या गाडीच्या मागे रेस ओढत जातो आणि दर वेळी ब्रेक मारतो, तो आणि त्याच्या मागून संथ आलेला माणूस, दोघं जेधे चौकात एकाच लाल दिव्याला शेजारी उभे असतात. रोज बघतो मी हे.

करायचं एवढंच : नजर पुढच्या नंबरप्लेटवर न ठेवता दोन-तीन गाड्यांच्या पुढे ठेवायची. सिग्नलच्या घड्याळात लाल चाळीस दिसले तर आत्ताच रेस सोडायची, गिअर तसाच, क्लच न दाबता. तुमची गाडी इंजेक्शनची आहे. गिअरमध्ये असताना एक्सलेटर पूर्ण सोडला आणि वेग पुरेसा असला की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. त्या वेळी चाक इंजिनला फिरवत असतं, पेट्रोल शून्य. वेग पार उतरला की पुन्हा सुरू होतं, तेव्हा क्लच दाबा. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत हे होत नव्हतं, तिथे आयडलच्या जेटमधून थोडं पेट्रोल जायचंच. म्हणून उतारावर न्यूट्रल मारून सोडायची जुनी खोड लोकांना लागलीय. कात्रजच्या उतारावर आजही न्यूट्रलला सुटलेले काका दिसतात. इंजेक्शनच्या गाडीत न्यूट्रल मारलं की इंजिन चालू ठेवायला कॉम्प्युटर पेट्रोल सोडायला लागतो, म्हणजे वाचवायला गेलो आणि उलटंच झालं. शिवाय इंजिनचा ब्रेक गेला, सगळा भार लायनरवर. घाटात हे अंगाशी येतं.

थांबल्यावरचं बघू. १००-१२५ सीसीचं इंजिन नुसतं गुरगुरत ठेवलं तर तासाला अंदाजे १०० ते २०० मिली पितं. तुमच्या फेरीत दहा-बारा मिनिटं उभं राहण्यात जात असतील तर दोन वेळचे मिळून ५०-६० मिली, म्हणजे दोन-अडीच किलोमीटर. फार नाही, पण फुकटचं आहे. घड्याळात तीसच्या वर आकडा असेल तर बंद करा, त्याखाली राहू द्या. सेल्फ खराब होईल ही भीती बॅटरी ठीक असलेल्या गाडीला नाही. हिरोने तर २०१४ साली स्प्लेंडर आयस्मार्टमध्ये न्यूट्रलला गाडी आपोआप बंद होण्याची आणि क्लच दाबला की चालू होण्याची सोयच दिली. पण पहिल्या रांगेत असाल तर दोन सेकंद आधी चालू करा. मागचा हॉर्न मारायला लागला की हात घाबरतो, मग रेस जास्त ओढली जाते आणि वाचवलेलं तिथेच जातं.

हाफ क्लच ही आपल्या ट्रॅफिकने लावलेली सवय. गाडी मुंगीच्या चालीने सरकतेय, तिसरा गिअर, बोटं क्लचवर, रेस घूं घूं. क्लचप्लेट घासतात, उष्णता होते, गाडी पुढे जात नाही. पहिला टाका, क्लच सोडा, पुढच्या गाडीशी तीन-चार हातांचं अंतर राहू द्या आणि रेस न देता सरकू द्या. उलट टोकाची चूकही असते : ॲव्हरेज वाढतं म्हणून पंचविसाला टॉप गिअर टाकणारे. इंजिन ठोके मारतं, हँडल थरथरतं, मग तो रेस पूर्ण पिळतो. गाडी घुसमटते आहे हे कानाला कळतं, तेव्हा एक गिअर खाली.

हे झालं हाताचं. आता गाडीकडे येतो, कारण ५५ चे ४४ होण्यात सगळाच दोष रस्त्याचा असेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

गेल्या पावसाळ्यात बिबवेवाडीचे एक गृहस्थ आले. बँकेतून रिटायर झालेले, १०० सीसीची गाडी, टाकी ते टाकी वहीत लिहिणारे. ६२ चं ॲव्हरेज महिन्याभरात ४८. एका ठिकाणी प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, फिल्टर नवीन टाकला, बाराशे रुपये गेले, ॲव्हरेज तिथेच. मी गाडी मेन स्टँडवर घेतली, न्यूट्रल केली आणि मागचं चाक हाताने जोरात फिरवलं. खस्स करून पाऊण चक्करात थांबलं. हबला हात लावायला गेलो, मागे घेतला. ते बाटलीतलं पाणी पीत होते, त्यातले दोन थेंब हबवर टाकले तर चुर्र वाजलं. मी विचारलं, "काका, मागचं पंक्चर कधी काढलंत?" म्हणाले, "जूनमध्ये, पहिला पाऊस झाला तेव्हा. पण त्याचा ॲव्हरेजशी काय संबंध?"

संबंध असा की मागचं चाक काढलं की ब्रेकचा रॉड आणि चेन दोन्ही नव्याने बसवावी लागतात. पंक्चरवाल्याने ब्रेक 'चांगला लागावा' म्हणून रॉडचा नट आवळला आणि चेन तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली. गाडी महिनाभर ब्रेक लावूनच फिरत होती. रॉडचा नट तीन आटे सैल केला, ॲक्सल ढिला करून चेन सेट केली, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आणल्या. मग चाक फिरवलं तर तीन-चार चकरा खाऊन शांतपणे थांबलं. पुढच्या टाकीला वहीत ६० लिहिलेलं दाखवायला ते मुद्दाम आले होते.

म्हणून तुमच्या गाडीचं पहिलं काम हे, आणि ते घरी पार्किंगमध्ये होतं. मागचं चाक फिरवून बघा. ब्रेकचा पेडल दाबल्यावर साधारण दोन-अडीच सेंटिमीटर मोकळा गेला पाहिजे, मग पकडला पाहिजे. पाय पेडलवर टेकवून चालवायची सवय असेल तर बूट जरा मागे घ्या. मागून लाल दिवा सतत लागलेला दिसतो अशा लोकांचा. पुढे डिस्क असेल तर चाक फिरवताना हलकी घासल्याची सळसळ चालते, पण चिखलात कॅलिपरच्या पिना अडकल्या असतील तर ब्रेक सोडूनही पॅड डिस्क सोडत नाहीत. त्या पिना काढून साफ करून ग्रीस लावायला अर्धा तास लागतो आणि कित्येक सर्व्हिसमध्ये कुणी ते करत नाही.

चेन : खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करा, दोन ते तीन सेंटिमीटर खेळली पाहिजे. एका ठिकाणी बघून सोडू नका, चाक फिरवत चार ठिकाणी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी वाढत नाही. सेट करताना जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथलं माप धरायचं. चेन उघडी असेल तर पाच-सातशे किलोमीटरला ल्यूब, आणि पावसात भिजली तर त्याच रात्री. जुनं इंजिन ऑइल ओतणारे अजून आहेत. त्यावर धूळ चिकटून पॉलिश पेपर तयार होतो.

त्यानंतर हवा. यावर मी गिऱ्हाइकांशी सगळ्यात जास्त भांडतो. तुमच्या गाडीच्या चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर स्टिकर आहे, त्यावर पुढची-मागची हवा लिहिलेली असते. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना पुढे २५ आणि मागे २८ च्या आसपास, मागे माणूस बसणार असेल तर मागची बरीच जास्त. पंपावरचा पोरगा मात्र सगळ्यांना "तीस-तीस" करून टाकतो, आणि त्याच्या होजचा काटा खरा आहे की नाही हे देव जाणे. ट्यूबलेस टायर फसवा असतो : १८ वर आला तरी बाहेरून बसल्यासारखा दिसत नाही, चालवताना फक्त गाडी जड वाटते आणि वळताना मागचं हलतं. दोन-तीनशे रुपयांचा पेनासारखा गेज मिळतो, तो डिकीत ठेवा आणि सकाळी गाडी न चालवता मोजा. चालवून टायर तापला की दोन-तीन पॉइंट जास्त दाखवतो. आणि हो, मागे रुंद टायर टाकून घेतला असेल तर तोही सांगा. दिसतो छान, पण ओढायला जड आणि परीघ बदलला तर किलोमीटरही चुकीचे मोजले जातात.

फिल्टर. चौदा हजार झालेत म्हणजे बदलायची वेळ जवळ आलीच आहे. बहुतेक १२५ सीसीला तेलकट कागदाचा फिल्टर असतो, पंधरा-सोळा हजाराला बदलायचा. मेट्रोची कामं आणि सिमेंटचे रस्ते खणलेले असताना मी बारा हजारालाच काढतो. याला हवा मारून साफ करत नाहीत. हवा मारली की वरचं तेल उडतं, मग धूळ आत जाते. इथे एक बारकी गोष्ट : कार्बोरेटरच्या गाडीत फिल्टर तुंबला की पेट्रोल जास्त जायचं, प्लग काळा पडायचा. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर हवेच्या हिशेबाने पेट्रोल सोडतो, त्यामुळे पहिल्यांदा मरतो तो पिकअप. मग आपण नकळत रेस जास्त ओढतो.

ऑइल पुस्तकात लिहिलंय तेच टाका. टेन-डब्ल्यू-थर्टी लिहिलं असताना "उन्हाळ्यात जाड बरं" म्हणून ट्वेंटी-डब्ल्यू-फिफ्टी टाकलं तर इंजिन गार असेपर्यंत ते सरबतात नाही, काकवीत फिरतं. खुणेच्या वर भरलं तरी तेच. टॅपेटचा, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हवरचा, गॅप मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात असतो, ०.०५ ते ०.१० च्या घरात, आणि तो गार इंजिनवरच बघायचा. गरम गाडीवर टॅपेट सेट करणाऱ्याकडून गाडी उचलून आणा.

आता ई-ट्वेंटी. सर्व्हिस सेंटरवाल्याचं पूर्ण चूक नाही, पण सोयीचं आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशाने कमी. वीस टक्के मिसळलं की निखळ पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्क्यांची तूट येते. पण तुम्ही गाडी घेतलीत तेव्हाही निखळ पेट्रोल कुठे होतं? दहा टक्के इथेनॉल तेव्हाच होतं. दहावरून वीसवर येण्याची तूट साडेतीन टक्क्यांच्या आसपास. ५५ चे ५३ होतील. ४४ होणार नाहीत. इथेनॉलचा खरा त्रास माझ्याकडे येतो तो जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांचा, त्यातही महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या. इथेनॉल पाणी ओढतं, टाकीच्या तळाशी पाणी वेगळं बसतं, रबरी सील फुगतात. रोज तीस किलोमीटर फिरणाऱ्या तुमच्या गाडीला ती चिंता नाही.

महागातलं पेट्रोल? ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाबाखाली ते वेळेआधी पेटू नये, एवढ्यापुरता तो आकडा. तुमच्या इंजिनचा दाब साध्या पेट्रोलच्या हिशेबानेच बांधलाय. लिटरमागे जास्तीचे रुपये जातात आणि हाती काही लागत नाही. पेट्रोलच्या नळीवर लावायचे मॅग्नेट, टाकीत टाकायच्या गोळ्या, सगळं मी कधी ना कधी गिऱ्हाइकाच्या हट्टापायी लावून बघितलंय आणि टाकी ते टाकी मोजलंय. फरक वहीत दिसला नाही. कार्बोरेटरचा जेट बारीक करून ॲव्हरेज वाढवणारे पूर्वी गल्लोगल्ली होते. दोन महिने ॲव्हरेज वाढायचं, प्लग पांढराफटक पडायचा आणि उन्हाळ्यात पिस्टन धरायचा. इंजेक्शन आल्यापासून तो धंदा थंडावला.

एक राहिलं, छोट्या फेऱ्या. गार इंजिनला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल देतो, पहिले दोन-तीन किलोमीटर. संध्याकाळी घरी येऊन पुन्हा दुधाला, पुन्हा कोथिंबिरीला गाडी काढत असाल तर त्या फेऱ्या ॲव्हरेज खातात. चालत जा असं म्हणत नाही, पण येतानाच दूध घ्या.

पैशात सांगायचं तर रोज तीस किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस, ७५० किलोमीटर. ४४ ला सतरा लिटर लागतात, ५२ ला साडेचौदाच्या आत. अडीच लिटरचा फरक, शंभरीपार पेट्रोलच्या भावाने महिन्याला अडीच-पावणेतीनशे रुपये. इंजिन खोलायचे सात-आठ हजार वसूल करायला अडीच वर्षं लागली असती, तेही ॲव्हरेज वाढलं असतं तर.

तेव्हा क्रम असा धरा. उद्या सकाळी हवा. रविवारी चाक फिरवून ब्रेक आणि चेन. फिल्टर काढून उजेडात बघा, काळा असेल तर बदला. मग तीन टाक्या मोजा, सिग्नलला आधीच रेस सोडून. तुमच्या त्या रस्त्यावर या गाडीने ५० ते ५२ द्यायला हवेत, ५५ वारजेबरोबर गेले. तरीही ४७ च्या खालीच राहिली तर चावी लावल्यावर मीटरवरचा पिवळा इंजिनचा दिवा लागून विझतो का ते बघा आणि गाडी स्कॅनरला लावून घ्या. ऑक्सिजन सेन्सर चुकीचं दाखवत असेल तर कॉम्प्युटर मुकाट्याने जास्त पेट्रोल सोडत राहतो, आणि ते चाक फिरवून कळत नाही. स्कॅनचा कागद आणि तीन टाक्यांचे लिटर-किलोमीटर पाठवा, त्यावरून पुढचं सांगतो.